पटावरील मोहीम

दोन खेळाडू पट मांडून बसतात तेव्हां वस्तुतः दोन राजे युद्धास उभे राहतात. चौसष्ट घरें, प्रत्येकाचीं सोळा मोहरीं व आळीपाळीनें एकेक चाल, एवढीच या युद्धाची सामग्री. चतुरंग या जुन्या नांवांतच हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सेनेचीं चार अंगें आलीं आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें या खेळासही स्थान मिळालें आहे.

हत्ती सरळ चालतो, उंट तिरपा, घोडा अडीच घरें उडी घेतो आणि वजीर हत्ती-उंटांचें बळ एकवटून फिरतो. येथपर्यंत देशी व विलायती पद्धतींत तंटा नाहीं. भेद पुढें आहे. देशी खेळांत प्यादें पहिल्या चालींतही एकच घर सरकतें. विलायतींत त्यास दोन घरें जातां येतें. देशी राजास शह बसला नसेल तर एकदां घोड्याची उडी मारतां येते. विलायती राजा हत्तीच्या आश्रयानें किल्लेकोट करतो. देशी प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें कीं ज्या मोहऱ्याचें तें घर, तेंच तें होतें. विलायती प्यादें बहुधा वजीर होतें. शत्रूचा राजा एकटा उरला तर देशी रीतीनें ‘बुर्जी’ होते, म्हणजे पुरा विजय हुकतो. म्हणून जाणता खेळाडू शत्रूचें शेवटचें मोहरें मुद्दाम राखीत असे. प्याद्यानें केलेली मात सर्वांत मानाची. गांवोगांव यांत थोडाबहुत फरकही असे.

हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याचा हात एका पद्धतीवर बसला, तो दुसरीच्या आरंभींच गोंधळतो. मुंबईंत ही अडचण फार पूर्वीं ओळखली गेली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील संस्कृत लेखन विलायती पद्धतीस अनुरूप करून इंग्रजींत 1814 सालीं याच शहरांत छापलें गेलें. पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढले. पुढें नवे नियम शिकून त्यांनीं 1929, 1932 व 1933 सालीं ब्रिटनचें अजिंक्यपद पटकावलें. बुद्धि तीच होती. नियम मात्र नव्यानें अंगीं बाणवावे लागले.

विसाव्या शतकांत स्पर्धांनीं एकच नियमावली रूढ केली. तिच्या बळावर गिरगांवच्या ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या कन्या वासंती, जयश्री व रोहिणी देशभर गाजल्या. वासंती 1974 सालीं पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या ठरल्या, तर रोहिणी यांनीं 1981 सालीं आशियाई अजिंक्यपद मिळविलें. जगाशीं झुंजण्याची वाट यामुळें मोकळी झाली. पण बुर्जीचा तो सूक्ष्म विचार मात्र घराघरांतून मावळला.

म्हणून घरीं आजोबा व नातू पटावर बसतील तेव्हां पहिलें प्यादें उचलण्यापूर्वींच कोणते नियम पाळावयाचे तें ठरवावें. हात लावलेलें मोहरें चालवावें, केलेली चाल परत घेऊं नये. एखादे दिवशीं देशी डावही मांडावा. आजोबांच्या ठेवणींतला तो वारसा त्यामुळें नातवाच्या हातीं पोंचेल. नियम आधीं ठरले म्हणजे हार कटु वाटत नाहीं, आणि जिंकणाऱ्यासही आपला विजय खरा आहे याची खात्री असते.