कुत्रीचे दिवस कोठून मोजावे?

घरांतील कुत्री गाभण राहिली म्हणजे भिंतीवरच्या कालदर्शिकेला मोठें महत्त्व येतें. नराशी संयोग झाला त्या तारखेवर खूण करावयाची, तेथून त्रेसष्ट दिवस मोजावयाचे आणि वाट पाहावयाची, हा सर्वत्र चालत आलेला हिशेब. त्रेसष्टावा दिवस उजाडतो. कुत्री पोटभर जेवते आणि अंगणांत खुशाल निजते. पासष्टावा जातो, सदुसष्टावाहि जातो. मग मंडळींच्या पोटांत गोळा उठतो. पिल्लें आंत गुदमरलीं तर नसतील? शस्त्रक्रिया करवून घ्यावी कीं थांबावें? चंद्रपूर शहरांत निदान विचारावयास पशुवैद्य जवळ असतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेस, सिरोंचा-भामरागडकडे, शस्त्रक्रियेची सोय गांठावयाची म्हणजे जंगलांतून लांबचा प्रवास; आणि पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता बंद पडल्याचे प्रसंग कितीतरी पावसाळ्यांत घडलेले आहेत. अशा मुलखांत तारीख आधीं ठाऊक असणें ही चैन नव्हे.

हिशेब चुकतो तो आरंभाच्या दिवसांत. नराचें वीर्य कुत्रीच्या शरीरांत सहा-सात दिवस जिवंत राहूं शकतें. उलट तिच्या बीजकोशांतून सुटलेलें बीज कच्चें असतें. तें पक्व होण्यास आणखी दोन दिवस लागतात आणि पुढें दोन-तीन दिवस तें फळण्याजोगें राहतें. म्हणून बीज सुटण्याच्या पांच दिवस आधीं झालेला संयोगहि फळतो आणि चार दिवस मागाहून झालेलाहि. संयोगापासून मोजल्यास कुत्री ५७ व्या दिवशीं व्यायेल किंवा ७२ व्याहि. बीज सुटल्यापासून मोजल्यास मात्र ६३ वा दिवस, फार तर एक दिवस अलीकडे-पलीकडे. पंधरवड्याचा घोळ दोन-तीन दिवसांवर येतो. अडचण एवढीच कीं बीज सुटतांना डोळ्यांना दिसत नाहीं. त्याची खूण रक्तांत शोधावी लागते.

ही खूण म्हणजे प्रोजेस्टेरॉन नांवाचें संप्रेरक. बीज सुटल्यावर त्याच्या जागीं जो पिवळा पिंड बनतो त्यांतून तें स्रवतें. कॉर्नर व ॲलन या अमेरिकन संशोधकांनीं १९२९ मध्यें सशांवर प्रयोग करून या पिंडाच्या अर्कानें गर्भ टिकतो असें दाखविलें. बहुतेक जनावरांत प्रोजेस्टेरॉन बीज सुटल्यानंतर वाढूं लागतें. कुत्रींत तें एक-दोन दिवस आधींच चढूं लागतें, आणि निसर्गाच्या या लहरीमुळेंच भाकित शक्य झालें आहे. परंतु त्याचें माप नॅनोग्रॅमांत, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागांत. इतकें सूक्ष्म मोजण्याची वाट रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनीं १९५९-६० च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्यानें दाखविली. यॅलोबाईंस त्याबद्दल १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें, पण बर्सन त्यापूर्वींच वारले होते.

परीक्षा करावयाची ती कुत्री माजावर आल्यावर, गाभण राहिल्यावर नव्हे. येथेंच पुष्कळ जण उशीर करतात. रक्तस्राव सुरू झाल्यापासून पांचव्या-सहाव्या दिवसापासून एक दिवसाआड थोडें रक्त तपासावें. मिलिलिटरमागें एक नॅनोग्रॅमच्या आंत असणारा आंकडा दोनच्या आसपास गेला कीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीचा इशारा झाला असें समजावें. त्यापासून सुमारें दोन दिवसांनीं, आंकडा पांचाच्या घरांत असतां, बीज सुटतें. एकट्या आंकड्यावर विसंबूं नये, चढ महत्त्वाचा. प्रयोगशाळाहि मध्येंच बदलूं नये, कारण यंत्रायंत्रांच्या मापांत फरक पडतो. दूरच्या गांवाहून नमुना पाठवावयाचा झाल्यास रक्त गोठल्यावर वरचा निवळ द्रव वेगळा करून तो थंड ठेवावा. जेल भरलेली नळी वापरूं नये. जेल कांहीं प्रोजेस्टेरॉन शोषून घेतें आणि आंकडा खोटा उतरतो. नमुन्याची नळी बसगाडीनें नागपूरपर्यंत जाऊं शकते. व्यायला टेकलेली कुत्री चंद्रपुराहून दीडशें किलोमीटर नेणें वेगळें.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. प्रोजेस्टेरॉन वाढलेलें दिसलें म्हणजे कुत्री गाभण, असें नाहीं. पिवळे पिंड गर्भ असो वा नसो, सुमारें दोन महिने स्रवत राहतात. म्हणूनच कित्येक कुत्र्यांना पोटीं कांहीं नसतां दूध येतें आणि त्या बिछाना उकरूं लागतात. गाभण आहे कीं नाहीं हें जाणण्यास रिलॅक्सिन हें वारेंतून स्रवणारें दुसरें संप्रेरक तपासतात. महिन्याच्या सुमारास तें विश्वासार्ह ठरतें. पण तारीख त्यावरून कळत नाहीं.

ताडोबाच्या जंगलांतील रानकुत्र्यांचें, म्हणजे कोळसुंद्यांचें, गर्भारपणहि दोनच महिन्यांचें. पिल्लें बहुधा थंडीच्या दिवसांत होतात. त्यांचें रक्त घ्यावयास कोण जाणार? परंतु संप्रेरकांचे अवशेष विष्ठेंतून बाहेर पडतात, आणि हैदराबाद येथील लॅकोन्स या संस्थेंत वन्य प्राण्यांच्या विष्ठेवरून असें मापन केलें जातें. प्राण्याला हात न लावतां त्याचा ऋतुकाल समजतो. दिवस आणि घटका मात्र तेथें मागूं नये.

घरच्या कुत्रीबाबत शेवटच्या आठवड्यांत पुन्हां रक्ताकडेच वळावें लागतें. प्रोजेस्टेरॉन दोन नॅनोग्रॅमच्या खालीं उतरलें कीं प्रसूति बहुधा एका दिवसावर आलेली असते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर ही उतरण पाहिल्यावांचून करूं नये, कारण घाईनें काढलेल्या पिल्लांचीं फुप्फुसें कच्चीं असतात आणि तीं हातांत घेतां घेतां जातात. प्रयोगशाळा दूर असेल तेथें साधा थर्मामीटर उपयोगी पडतो. एरवीं १०१-१०२ अंश फॅरनहाइट असणारी उष्णता व्यायच्या आधीं १२ ते २४ तास ९९ च्या खालीं जाते. ही घसरण थोडाच वेळ टिकते, दिवसांतून एकदांच पाहिली तर हुकते. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाहून आंकडा कालदर्शिकेवरच टिपून ठेवावा. पोटांत एकच पिल्लूं असेल तर एखादा दिवस अधिकहि लागतो. उष्णता उतरून पुरता एक दिवस लोटला आणि कळा नाहींत, किंवा जोराच्या कळा अर्ध्या तासाहून अधिक वेळ चालूनहि पिल्लूं येत नाहीं, तर मग रस्ता उघडा असेतों निघावें.