रानदवणा कोणता?

तेरणेच्या काठावरचे तेर गाव गोरोबाकाकांमुळे आणि प्राचीन तगर नगराच्या अवशेषांमुळे सर्वांना परिचित आहे. गेल्या फाल्गुनात आम्ही तेथे गेलो ते मात्र वनस्पती पाहायला. अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी शिक्षकांबरोबर नदीपात्रात हिंडून दोन रोपे आणली होती. वर्तमानपत्रावर ती नीट पसरून खाली चिठ्ठ्या लावल्या होत्या: ‘रानदवणा १’ आणि ‘रानदवणा २’. तुलनेसाठी बाजारातली दवण्याची जुडीही शेजारी ठेवली होती. पद्धत अगदी योग्य होती. नावे मात्र दोन्ही चुकली होती.

जोतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. आर्टेमिसिया या प्रजातीत चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांची पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात. विद्यार्थी नेमके त्यावरच विसंबले. परंतु चिरलेले पान ही काही एकाच घराण्याची मिरास नव्हे. गाजर, कोथिंबीर, झेंडू यांचीही पाने चिरलेलीच असतात.

मग पाहायचे काय? फूल, आणि तेही भिंगाखाली. आर्टेमिसिया सूर्यफुलाच्या कुळातली. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारीक पुष्पकांचा गुच्छ असतो. त्याला स्तबक म्हणतात. सूर्यफुलाच्या स्तबकाला कडेने पिवळ्या पाकळ्यांसारखी किरणपुष्पके असतात. आर्टेमिसियात ती नसतातच. तिच्या बहुतेक जातींचे परागण वाऱ्याने होते, त्यामुळे कीटकांना बोलावणाऱ्या झालरीची गरज नाही. स्तबके ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान, बहुधा खाली झुकलेली आणि फांदीभर विखुरलेली असतात.

‘रानदवणा १’ची स्तबके पांढरी होती. भिंगातून कडेला पाच कोपऱ्यांवर पाच इवलीशी किरणपुष्पके दिसली आणि प्रश्न मिटला. ते गाजर गवत होते, म्हणजेच पार्थेनियम. चटकचांदणी हे त्याचे दुसरे नाव या पांढऱ्या चांदण्यांना शोभून दिसते. अमेरिकेतून आलेल्या या तणाची पुण्यात १९५५ साली नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. कोवळे असताना, पाने जमिनीलगत पसरलेली असतात तेव्हा, ते दवण्यासारखे भासते. अशा वेळी फूल नसते. मग नाकाची मदत घ्यावी. दवण्याचा गोड सुगंध त्याला नाही. मात्र हा वास घेण्यासाठी पान हाताने चुरडू नये. त्याचे कारण पुढे येईल.

‘रानदवणा २’ अधिक फसवे निघाले. पात्रातला गाळ सुकू लागतो तेथे ते जमिनीलगत पसरते. पाने मऊ, लवदार, गोलसर खंडांची; फुले मात्र फांदीच्या टोकाला एकेकटी, पिवळ्या गोल गुंड्यांसारखी. ही ग्रँजिया मदरासपटाना. मराठीत तिला माशीपत्री म्हणतात आणि तेलुगू-तमिळमध्ये माचीपत्री म्हणतात ती आर्टेमिसिया! नावाचा भरवसा धरणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. किरमाणी ओवा हे असेच एक नाव. तो ओवा नसून आर्टेमिसियाच आहे आणि जंतांवरचे सँटोनिन त्यातूनच मिळत असे.

खरा रानटी आर्टेमिसिया आम्हाला तेरला दिसला नाही. त्यासाठी सह्याद्रीच्या उंच भागात जावे. तेथील ढोरदवणा (आर्टेमिसिया निलगिरिका) माणसाच्या उंचीचा होतो. पान उलटले की खालची बाजू पांढऱ्या लोकरीने मढवलेली दिसते. जुन्या पुस्तकांत त्यालाच आर्टेमिसिया व्हल्गॅरिस म्हटले आहे. त्याचा भाऊबंद आर्टेमिसिया जॅपोनिका. त्याचे पान पाचरीसारखे, बुडाशी निमुळते व टोकाशी रुंद, दातेरी असते आणि लोकर नसते. शंका राहिलीच तर स्तबक उकलावे. ढोरदवण्यात मधल्या पुष्पकांनाही बी धरते, जॅपोनिकात फक्त कडेच्या.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे एका विद्यार्थिनीने विचारले. प्रश्न रास्त होता. चीनमध्ये १९६७ साली हिवतापावरच्या औषधाचा मोठा शोध सुरू झाला. तू योयो यांच्या गटाला १९७१ मध्ये ‘छिंगहाव’ या वनस्पतीच्या ईथर-अर्कात गुण आढळला. पण छिंगहाव हे नाव एकाहून अधिक जातींना लावले जात होते. त्यांपैकी आर्टेमिसिया ॲनुआमध्ये आर्टेमिसिनिन असते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांनी जिला छिंगहाव म्हटले होते त्या दुसऱ्या जातीत ते नसते. जात चुकली असती तर औषध हाती लागलेच नसते. या कामासाठी तू योयो यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी की गाजर गवतातले पार्थेनिन रासायनिकदृष्ट्या आर्टेमिसिनिनच्याच गटातले आहे. दोन्ही सेस्क्विटर्पिन लॅक्टोने. पार्थेनिन मात्र त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते आणि शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे शिकणे एका दिवसात होत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे काही न होता गवत उपटणाऱ्याला एकाएकी खाज, पुरळ, इसब सुरू होते आणि एकदा जडलेली ॲलर्जी सहसा जात नाही. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यालाही हातमोजे घालायलाच लावावे.

तेरच्या मुलांनी चिठ्ठ्या लगेच बदलल्या. त्यांना आम्ही आणखी एक सुचवले: नमुना दाबण्यापूर्वीच त्याचा वास, फुलांचा रंग आणि तो कोणत्या जमिनीत सापडला हे लिहून ठेवावे. कागदात वाळलेल्या रोपावरून यांतले काहीच नीट कळत नाही.