रक्ताचा नमुना आणि आपला अर्धा हिस्सा



साखरेचा रिपोर्ट पटला नाही तर आपण दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त तपासून घेतो. पण दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप आला आणि पोलिसांच्या रिपोर्टमध्ये आकडा दिसला की, तो ब्रह्मवाक्य समजून आपण गप्प बसतो. ब्रिटनच्या कायद्यात मात्र दुसऱ्या लॅबची सोय आहे. ती मागावी लागते, आणि तीही त्याच वेळी. सेदेरच्या चार पेल्यांनंतर किंवा लग्नाच्या जेवणानंतर स्वतः गाडी चालवत घरी परतणाऱ्या आपल्या मंडळींना हे ठाऊक असायला हवं.

मर्यादा किती? १९६७ च्या रस्ता सुरक्षा कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा घातली. इंग्लंड आणि वेल्समध्ये तीच चालत आली आहे. स्कॉटलंडमध्ये ५ डिसेंबर २०१४ पासून ती ५० आहे. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे चाळिशीत पचणारा तोच पेला पंचाहत्तरीत रक्तातला आकडा जास्त चढवतो.

पोलीस स्टेशनवर सहसा श्वासाचे दोन नमुने घेतात आणि त्यातला कमी आकडा धरतात. यंत्र बिघडलेलं असेल किंवा प्रकृतीमुळे फुंकणं जमत नसेल, तर रक्त किंवा लघवी मागतात. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असेल तर फुंकण्याआधीच तसं स्पष्ट सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. रक्त घ्यायचं की लघवी, हे पोलीस ठरवतात. पण प्रकृतीमुळे रक्त घेऊ नये असं डॉक्टरांचं किंवा नर्सचं मत पडलं तर रक्त घेता येत नाही. इंग्रजी नीट कळत नसेल तर दुभाषी मागा. वकिलाचा सल्ला तिथे मोफत मिळतो, पण वकील येईपर्यंत नमुना देणार नाही असा हट्ट धरू नका. सबळ कारणाशिवाय नमुना नाकारणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्यातही लायसन्स जातं.

आता मुख्य गोष्ट. रक्त डॉक्टर किंवा नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिकानेच, तुमच्या संमतीने घ्यायचं असतं. घेतलेल्या रक्ताचे दोन भाग करतात. त्याच वेळी “माझा हिस्सा मला द्या” असं म्हणा. मागूनही तो दिला नाही, तर त्या रक्ताचा रिपोर्ट सरकारी पक्षाला तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. मिळालेली कुपी उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवा आणि वकिलामार्फत लवकर मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवा.

घाई का? कुपीत सोडियम फ्लोराइड घातलेलं असतं. ते कमी पडलं किंवा रक्तात नीट मिसळलं नाही, आणि कुपी उबेत राहिली, तर जंतू रक्तातल्या साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात. उलट झाकण सैल असेल तर अल्कोहोल उडून जातं. म्हणून वकील काही प्रश्न विचारतात: त्वचा पुसायला स्पिरिट वापरलं होतं का? सील शाबूत होतं का? लेबलवर नाव आणि वेळ बरोबर आहे का? नमुना लॅबमध्ये कधी पोचला?

मात्र एक-दोन मिलिग्रॅमच्या फरकावर आशा ठेवू नका. लॅब आधीच १०० पर्यंतच्या आकड्यातून ६ मिलिग्रॅम, आणि त्यावरच्या आकड्यातून ६ टक्के आरोपीच्या बाजूने वजा करते. तरीही लॅबचा शब्द अंतिम नसतो. २०१७ साली मँचेस्टरच्या रँडॉक्स टेस्टिंग सर्व्हिसेस या लॅबमध्ये आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं. दहा हजारांवर प्रकरणांवर शंकेची छाया पडली आणि अमली पदार्थ घेऊन गाडी चालवल्याचे अनेक खटले सोडून द्यावे लागले.

अपघातानंतर घाबरल्यावर घोटभर ब्रँडी घ्यायची सवय काहींना असते. ती टाळा. गाडी चालवताना अल्कोहोल नमुन्याइतकं तरी होतंच, असं कायदा गृहीत धरतो. ते नंतर प्यालो म्हणून वाढलं, हे तुम्हालाच तज्ज्ञाकडून हिशेब मांडून सिद्ध करावं लागतं. हा हिशेब उलटाही फिरतो. रक्तातलं अल्कोहोल तासाला दर १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने कमी होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या एका खटल्यात, काही तासांनी घेतलेल्या रक्तातला आकडा ८० च्या खाली होता. तरी मागे मोजत जाऊन चालक दोषी ठरला.

दोषी ठरल्यास सहसा किमान १२ महिने गाडीला हात लावता येत नाही. ज्यांचा दवाखाना, बाजार आणि सिनेगॉग गाडीवर अवलंबून आहे, त्यांना वर्षभर घरी बसणं किती जड जाईल, हे सांगायला नको. म्हणून औषधांची यादी पाकिटात ठेवा आणि आपला अर्धा हिस्सा मागायला विसरू नका. त्याहून सोपं म्हणजे, ज्याच्या हाती स्टिअरिंग, त्याने किद्दुशला आपल्या घरचं मनुकांचं ताजं शरबतच घ्यावं.