अनुरक्षण आणि माहेर : संस्था सोडणाऱ्या मुलींच्या प्रश्नाची मीमांसा

बालगृहात अथवा प्रतिपालक कुटुंबात वाढलेली मुलगी वयाची अठरा वर्षे पूर्ण करते, त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने तिचे बालपण संपते. तिला आजवर मिळालेला निवारा, अन्न आणि शिक्षण ही ज्या व्यवस्थेच्या आधाराने मिळाली, त्या व्यवस्थेचे कर्तव्यही तेथेच संपते. यापुढे तिला जे साहाय्य मिळावयाचे त्यास मराठी शासनव्यवहारात 'अनुरक्षण' अशी संज्ञा आहे. 'अनु' म्हणजे मागोमाग. तेव्हा अनुरक्षण म्हणजे मागोमाग चालत येणारे रक्षण. संज्ञा अन्वर्थक आहे यात शंका नाही. परंतु संज्ञा घडविली म्हणजे तिच्यामागील कल्पना लोकव्यवहारात रुजतेच असे नाही, आणि येथे तर ती पुरतेपणी रुजलेली दिसत नाही.

गोंदिया जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवर वसला आहे. येथील घरांतून मराठीबरोबरच पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी ह्या भाषा कानांवर पडतात. गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोठे जंक्शन. आणि रेल्वेच्या हिंदीत 'अनुरक्षण' ह्या शब्दाचा अर्थ डब्यांची व रुळांची देखभाल-दुरुस्ती असा आहे. अर्थात् जो शब्द महिला व बाल विकास विभागाच्या कागदावर एका मुलीच्या भवितव्याचा वाचक, तोच स्थानकावरील पाटीवर यंत्रसामग्रीच्या देखभालीचा वाचक ठरतो. ज्या मुलीच्या हिताची ही तरतूद, तिला तिचे नावच परके वाटावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आपणांस काय मागता येते हे ज्यास ठाऊक नाही, तो ते मागत नाही.

आता कायद्याच्या शब्दांकडे वळू. बाल न्याय अधिनियम, २०१५ ह्याच्या ४६ व्या कलमानुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालसंगोपन संस्था सोडणाऱ्यास समाजाच्या प्रवाहात मिसळता यावे म्हणून आर्थिक साहाय्य 'देता येईल'. ह्या अधिनियमाखालील २०१६ च्या आदर्श नियमांतील २५ व्या नियमात त्याचा तपशील आहे. साहाय्याची मर्यादा एकवीस वर्षांपर्यंत असून अपवादात्मक परिस्थितीत ती आणखी दोन वर्षे वाढविता येते. सहा ते आठ जणींनी एकत्र राहावयाची तात्पुरती घरे, व्यवसायशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नियमित संपर्क ठेवणारा समुपदेशक, उद्योगासाठी कर्जाची व्यवस्था इत्यादी गोष्टी तेथे सांगितल्या आहेत. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी पुढील जीवनाचा आराखडा तयार व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

ह्या तरतुदींतील दोन शब्दयोजना विशेष विचारार्ह आहेत. पहिली, 'देता येईल' ही क्रिया. 'देता येईल' आणि 'दिलेच पाहिजे' यांत व्याकरणाच्या दृष्टीने केवळ अर्थच्छटेचा भेद आहे. परंतु मुलीच्या दृष्टीने तो अनुग्रह आणि हक्क यांतील भेद आहे. दुसरी, 'संस्था' हा शब्द. अनुरक्षणाची व्याख्या संस्थात्मक निगराणी सोडणाऱ्यांना उद्देशून केलेली आहे. त्याच अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने मूल संस्थेऐवजी प्रतिपालक कुटुंबात ठेवण्याची वाट दाखविली. पण अशा कुटुंबात वाढलेली मुलगी ४६ व्या कलमाच्या अक्षरात बसत नाही. महाराष्ट्रात नातेवाइकांकडे किंवा अन्य कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी जी बालसंगोपन योजना आहे, तिला २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देऊन अनुदान दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. तेही अठराव्या वर्षी थांबते. कुटुंब हे संस्थेहून श्रेयस्कर असे तत्त्व मान्य करावयाचे, आणि कुटुंबात वाढलेलीस मात्र पुढील साहाय्याच्या व्याख्येबाहेर ठेवावयाचे, ही विसंगती होय.

मुलींच्या बाबतीत ह्या प्रश्नास आणखी एक अंग आहे. अठरा हे वय मुलीच्या विवाहाचेही कायदेशीर वय असल्यामुळे संस्थेतून बाहेर पडणे म्हणजे विवाह होणे, असे समीकरण दीर्घकाळ चालत आले. संचालकांचा हेतू शुद्ध असला, तरी त्यामुळे मुलीचे स्वावलंबन हा प्रश्न सुटला नसून केवळ दुसऱ्या घराकडे सोपविला गेला. याउलट, महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात स्थापिलेल्या आणि पुढे हिंगण्यास नेलेल्या अनाथ बालिकाश्रमाने मुख्यतः विधवांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे ध्येय ठेविले होते. बाहेर पडण्याची तयारी आत असतानाच व्हावी, हे सूत्र तेथे सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसते.

तथापि केवळ अर्थार्जनाने प्रश्न मिटत नाही, आणि येथे मराठी भाषेतील एक जुना शब्द मार्गदर्शक ठरतो. तो शब्द 'माहेर' होय. संस्कृत 'मातृगृह' ह्या शब्दाचे प्राकृतातून झालेले हे रूप. विवाहित स्त्रीच्या संदर्भात तो भावनेने इतका ओथंबलेला आहे की त्यातील व्यावहारिक आशय सहसा लक्षात येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते. सासरी काही बिनसले तर स्त्री माहेरी येते. सणाला माहेरचे बोलावणे येते. आणि आपली मुलगी एकटी नाही हे सासरच्यांना त्या बोलावण्यातून कळत असते. सारांश, माहेर म्हणजे जेथून मुलगी जाते ते घर एवढेच नव्हे, तर जेथे तिला कारण न सांगता परत येता येते ते घर. अविवाहित राहून नोकरी करणाऱ्या मुलीलाही हाच आधार निराळ्या रूपाने लागतो. खोली भाड्याने घेताना हमी कोण देणार? आजारपणात रुग्णालयात सोबत कोण बसणार? नोकरी सुटली तर पुढचा महिना कोठे काढावयाचा? कुटुंबात वाढलेल्या मुलीच्या बाबतीत हे प्रश्न विचारलेही जात नाहीत, कारण त्यांची उत्तरे घरात आधीच असतात.

ह्या अभावाचा प्रत्यय प्रथम येतो तो कागदपत्रांत. मराठी नावाची घडण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी आहे. आणि त्यापुढे अर्जात जात, कायमचा पत्ता असे रकाने येतात. अमृता करवंदे यांचा अनुभव या दृष्टीने सर्वश्रुत आहे. गोव्यातील एका संस्थेत वाढलेल्या करवंदे यांना आपले नाव व आडनाव कळले ते संस्थेच्या नोंदवहीतून. अठराव्या वर्षी त्या पुण्यास आल्या, आणि तेथील पहिली रात्र त्यांनी रेल्वे स्थानकावर काढली. पुढे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत, उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र नसल्यामुळे त्यांची संधी हुकली; कारण ते प्रमाणपत्र आईवडिलांच्या उत्पन्नावर आधारलेले, आणि येथे तर आईवडिलांचाच पत्ता नव्हता. त्यांनी हा प्रश्न शासनापुढे नेला. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला व २ एप्रिल २०१८ रोजी तसा शासन निर्णय निघाला. अर्जातील एका रिकाम्या रकान्यातून धोरण जन्मास आले, असे म्हणावयास हरकत नाही.

विदर्भातीलच दुसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी दिव्यांग अनाथ मुलांसाठी चालविलेल्या बालगृहात मुलांच्या नावापुढे वडील म्हणून स्वतःचे नाव लावले. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना संस्थेत राहू द्यावे, अशी मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. त्याच वर्षी मे महिन्यात ह्या घरातील दृष्टिहीन मुलगी माला पापळकर ह्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडल्या गेल्या. लहानपणी जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेल्या ह्या मुलीच्या यशात तिची बुद्धी व परिश्रम यांचा वाटा मोठाच. पण पदवीनंतर परीक्षेची वर्षे काढावयास मागे एक घर होते, हेही विसरता येत नाही. अठराव्या वर्षी दार बंद झाले असते, तर हे यश फळास येण्याइतका अवधीच तिला मिळाला नसता.

अन्य देशांतही अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने प्रतिपालक कुटुंबात वाढलेल्या तरुणांना उभय पक्षांची इच्छा असल्यास एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच कुटुंबात राहता येईल अशी सोय करण्यात आली. २०१७ च्या कायद्याने व्यक्तिगत सल्लागाराचा आधार पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढविला. तेथील विचार असा की, वयाचा आकडा हा नात्याचा शेवट ठरू नये.

गोंदियासारख्या जिल्ह्यात ह्या विचाराचे व्यावहारिक रूप काय असावे? मुलगी सतरा वर्षांची असतानाच तिची जन्मनोंद, अनाथ प्रमाणपत्र, आधार व बँक खाते पूर्ण असावे. अनुरक्षणाची माहिती तिला समजेल अशा साध्या मराठीत वा हिंदीत, तिच्या हाती लेखी द्यावी. शिक्षणासाठी वा कामासाठी तिला नागपूरसारख्या शहरी जावे लागल्यास एकटीने खोली शोधावी लागू नये. नियमात सांगितलेली सहा-आठ जणींची घरे ह्याचसाठी आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या संस्थेत वा कुटुंबात ती वाढली, तेथे सुटीत, आजारपणात व बाळंतपणात परत येण्याचा तिचा हक्क लेखी मान्य व्हावा. ह्यातील पहिल्या गोष्टींस पैसा व कर्मचारी लागतील. शेवटच्या गोष्टीस मुख्यतः इच्छा लागेल.

'अनुरक्षण' हा शब्द चांगला आहे. तो टाकून देण्याचे कारण नाही. परंतु त्याचा अर्थ कोशात न शोधता 'माहेर' ह्या शब्दाच्या व्यवहारात शोधावा लागेल. एखादी योजना मुलीला घराबाहेर किती व्यवस्थितपणे पाठविते, यावरून तिची परीक्षा होत नाही. अडचणीच्या दिवशी त्या मुलीला जाण्याजोगे एक दार उरते की नाही, हीच तिची खरी कसोटी होय.