चाळिशी आली, खुर्ची सोडा

तालुक्याच्या गावात पदग्रहण समारंभाचा फ्लेक्स लागतो आणि त्यावरच्या प्रत्येक नावामागे ‘जेसी’ असतं. कुणी मेडिकलवाला, कुणी वकील, कुणी कापड दुकानदाराचा मुलगा. या दोन अक्षरांचा उगम एका नाचाच्या क्लबात आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात हेन्री गीसेनबियर या बँकेत नोकरी करणाऱ्या तरुणाने १९१० साली मित्र जमवून ‘हर्क्युलेनियम डान्स क्लब’ काढला. जुनी नृत्यं टिकवायची, एवढाच हेतू. पण नुसतं नाचून भागेना. १३ ऑक्टोबर १९१५ रोजी बत्तीस जण जमले आणि शहरासाठी काही करायचं म्हणून ‘यंग मेन्स प्रोग्रेसिव्ह सिव्हिक असोसिएशन’ स्थापन झाली. पाच महिन्यांत सभासद झाले ७५०! नाव मात्र उच्चारतानाच दम लागावा असं. मग ‘ज्युनियर सिटिझन्स’ आलं, त्याचं ‘जेसीज’ झालं. पुढे व्यापाऱ्यांच्या चेंबरशी सोयरीक जुळून ‘ज्युनियर चेंबर’ झालं, तरी आद्याक्षरं तीच राहिली. १९४४ साली मेक्सिको सिटीत आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९४९ मध्ये जेसीज भारतात आले.

नावातला ‘मेन’ गेला, वृत्तीतला बराच काळ टिकला. अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या शाखांनी सत्तरच्या दशकात स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिलं, तेव्हा राष्ट्रीय संघटनेने त्या शाखांचीच मान्यता काढायची धमकी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ मध्ये संघटना हरली. नेतृत्वाचे धडे देणाऱ्यांना हा धडा कोर्टाकडून घ्यावा लागला, हे काही भूषणावह नाही.

तरीही या संस्थेची एक गोष्ट मला फार आवडते: घड्याळ. अध्यक्षपद एका वर्षाचं, सभासदत्व चाळिशीपर्यंत. आपल्याकडे मंडळाचा संस्थापक-अध्यक्ष नातवंडं झाली तरी खुर्चीला चिकटून असतो. इथे घडी बसते न बसते तोच माणूस बाहेर. अनुभव वाया जातो खरा, पण दरवर्षी नव्या कुणाला तरी माईक धरावाच लागतो.

वयाची अट ओलांडलेल्या सभासदाला अमेरिकन जेसीज गमतीने एक पदवी देतात: ‘थकलेला कोंबडा’.