लग्नपत्रिकेच्या पाठीवरचं एस्टिमेट

आमच्या घरात लग्नपत्रिका कधीच रद्दीत जात नाहीत. लग्न होऊन जातं, आहेर दिला जातो, पण पत्रिका मात्र ह्यांच्या शर्टाच्या खिशात. कारण तिची पाठ कोरी असते! गेली बावीस वर्षं पुण्यात घरदुरुस्तीची कामं घेणारा माझा नवरा त्या कोऱ्या पाठीवर एस्टिमेट करतो. बाथरूमची लांबी-रुंदी, टाइल्सचा भाव, गवंड्याची हजेरी, खाली दोन रेघा आणि एक आकडा. तो आकडा गिऱ्हाइकाला सांगायचा आणि ॲडव्हान्स घेऊन कामाला लागायचं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. गणिताशी दहावीनंतर काडीमोड. पण वस्तीतल्या बचत गटांचं काम करता करता हिशेबाच्या वह्यांशी गट्टी जमली. "आधी लिहायचं, मग पैसे द्यायचे," हे मी बायकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता मी आले की त्या वही आधीच उघडून ठेवतात. आणि माझ्याच घरात? दिव्याखाली अंधार!

हा अंधार दिसला तो दोन वर्षांपूर्वी. एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन बाथरूम आणि ओट्याचं काम होतं. ह्यांनी तीन लाख रुपये खर्च धरला, वर वीस टक्के चढवले आणि जीएसटी सोडून तीन लाख साठ हजार सांगितले. गिऱ्हाईक ओळखीतलं. "दहा टक्के तरी कमी करा हो," म्हणाले. हे भिडस्त. छत्तीस हजार सोडले, तीन लाख चोवीस हजारांवर सौदा ठरला.

काम सुरू झालं आणि टाइल्सखाली निघाला टाइल्सचा आणखी एक थर! तो फोडला. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे सगळा राडारोडा पोत्यांत भरून बिगाऱ्यांनी जिन्यावरून खाली आणला. टेम्पो धरून त्याचेच एकवीस हजार झाले. आतले पाइप सडलेले निघाले. प्लंबर आणि वॉटरप्रूफिंग मिळून सतरा हजार. टाइल्स कमी पडल्या. नवे बॉक्स आणले तर बॅच वेगळी, रंगाची छटा वेगळी, म्हणून एक भिंत पुन्हा केली. त्याचे आठ हजार. शेवटी खर्च तीन लाख सेहेचाळीस हजारांवर गेला. म्हणजे दीड महिना राबून बावीस हजार पदरचे घातले!

माणसांची मजुरी तर थांबवता येत नाही. लेकीच्या प्रवेशासाठी ठेवलेली एफडी मोडली. त्या रात्री हे जेवले नाहीत. मी विचारलं, "अहो, हे सगळं आधी कुठे लिहिलं होतं?" ह्यांनी खिशातून पत्रिका काढून समोर ठेवली. चि. सौ. कां. कुणाचं तरी नाव सोनेरी अक्षरात, आणि मागे तीन ओळी. राडारोडा हा शब्दच नव्हता त्यात.

"आई, बाबांना एस्टिमेटचं सॉफ्टवेअर घेऊन देऊ या," लेक म्हणाली. मला वाटलं, मिक्सर घेतो तसं दुकानात जाऊन घ्यायचं. कसलं काय!

पहिलं पाहिलं ते परदेशी. दिसायला देखणं. पण भाडं महिन्याचं आणि तेही डॉलरमध्ये. त्यात तयार दर होते, पण तिकडच्या शहरांचे. भिंती लाकडी चौकटीवर पत्रे ठोकल्यासारखे बोर्ड लावलेल्या. आमच्या विटांच्या भिंती, कोबा, कडाप्पा, ब्रास यांचा पत्ताच नव्हता. वाळू शंभर घनफुटांच्या ब्रासने आणि फरशी शंभर चौरस फुटांच्या ब्रासने मोजायची, हे त्याला शिकवायचं कुणी? तिकडच्या ठेकेदाराला ते खरंच उपयोगी असेल, आमच्या पायाला मात्र तो बूट बसेना.

दुसरं आपल्याकडचं, पण मोठ्या ठेकेदारांसाठीचं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर चालणारं, टेंडर भरणाऱ्यांच्या कामाचं. ते दाखवायला आलेला मुलगा हुशार होता. पण तासभर तो फक्त ह्यांच्याशीच बोलत राहिला. माझ्याकडे वळून एकदाच म्हणाला, "वहिनी, चहा छान झालाय." मी म्हटलं, "थँक्यू. आता सांगा, जुनी फरशी फोडून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायची, लिफ्ट नाही, ते यात कुठे लिहायचं?" तो थांबला. त्यात चौरस मीटरने दर होते, पण असल्या फुटकळ तोडफोडीचा खर्च त्या दरात मावणारा नव्हता. आमच्या धंद्यात तर निम्मं काम तेच!

तिसरं मोबाईलवरचं. दोन मिनिटांत लोगोसकट सुंदर कोटेशन तयार! हे खूश. लेकीने विचारलं, "पण बाबा, आकडा कुठून आला?" आकडा ह्यांनीच टाकला होता. म्हणजे पत्रिकेची पाठ तीच, फक्त सोनेरी कड स्वतःची.

तेव्हा कळलं की यादी सॉफ्टवेअरची नव्हे, आपल्या कामाची करायला हवी. आम्ही तिघं एका रविवारी बसलो. सोबत आमचे गवंडीमामा. त्यांना विचारलं, "मामा, बाथरूमच्या कामात काय काय लागतं, पहिल्या घावापासून किल्ली परत देईपर्यंत सांगा." मामा बोलत गेले, मी लिहीत गेले. छत्तीस ओळी झाल्या! जिन्याला पुठ्ठे लावण्यापासून शेवटच्या सफाईपर्यंत. ह्यांच्या पत्रिकेवर त्यातल्या तीनच असायच्या.

मग लेकीने एक्सेलमध्ये तक्ता केला. सहा महिने आम्ही तोच वापरला आणि त्या सहा महिन्यांत मी जे शिकले ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

एक, वेस्टेज. पाच बाय आठचं बाथरूम घ्या, टाइल्स सात फुटांपर्यंत. चारी भिंतींची लांबी सव्वीस फूट, गुणिले सात म्हणजे १८२ चौरस फूट. अडीच बाय सातचं दार वजा केलं की १६४.५. एका बॉक्समध्ये नऊ चौरस फूट धरले तर एकोणीस बॉक्स. पण कापताना फुटतात, कोपऱ्यात तुकडे वाया जातात. दहा टक्के जास्त धरले तर एकवीस बॉक्स लागतात. हे दोन बॉक्स आधीच, त्याच बॅचचे आणायचे असतात!

दोन, वीस टक्क्यांचा घोळ. एक लाख खर्चावर वीस टक्के चढवले की बिल एक लाख वीस हजार. हे समजायचे, नफा वीस टक्के. पण बिलाच्या मानाने तो १६.६७ टक्केच पडतो. बिलाच्या वीस टक्के हवे असतील तर सव्वा लाख लावायला हवेत. आणि एक लाख वीस हजारांवर दहा टक्के सूट दिली की बारा हजार गेले, उरले आठ हजार. त्यातून पेट्रोल, फोन, ह्यांची स्वतःची मेहनत! हे गणित पाहून हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी भिडेपोटी फुकट राबलो."

तीन, दर शिळे होतात. भाजीचा भाव रोज विचारणारी मी, पण सिमेंटचा दर महिनोन् महिने तोच धरलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा तक्त्यात एका जागी आकडा बदलला आणि सगळी एस्टिमेट्स बदलली. म्हणून प्रत्येक दरासमोर आम्ही तारीख लिहितो. आणि साहित्यासकट घेतलेल्या कामावर आम्हाला लागणारा १८ टक्के जीएसटी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवतो. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, "आम्हाला वाटलं, सगळं धरूनच सांगितलंय."

चार, न दिसणारं काम. टाइल्सखाली काय निघेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. त्यासाठी कोटेशनच्या खाली आता एक ओळ असते: फोडल्यावर दुसरा थर किंवा खराब पाइप निघाल्यास त्याचा दर हा, आणि तुमची संमती घेतल्यावरच काम पुढे.

कामं वाढली तसा तक्ता अपुरा पडू लागला. साइटवरून ह्यांना मोबाईलवर माप भरता येईना, कुठली आवृत्ती खरी ते कळेना. तेव्हा पुन्हा सॉफ्टवेअर शोधलं. पण या वेळी आमच्या हातात परीक्षेचा पेपर होता: ते तिसऱ्या मजल्यावरचं काम! खरा खर्च पैशापर्यंत ठाऊक होता. प्रत्येक विक्रेत्याला म्हटलं, चाचणीच्या मुदतीत हे काम आम्हीच यात भरून पाहणार. आमच्या छत्तीस ओळी यात बसतात का? दर आम्हाला बदलता येतात का? चौरस फूट, रनिंग फूट, ब्रास तिन्ही चालतात का? अंदाज आणि झालेला खर्च शेजारी शेजारी दिसतो का? आणि उद्या आम्ही भाडं भरणं थांबवलं तर आमची माहिती एक्सेलमध्ये परत मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर दोघांची भाषा एकदम मवाळ झाली. त्यांना आम्ही नमस्कार केला.

जे घेतलं ते दिसायला साधंच आहे. पण त्यात ती जुनी चूक भरली तेव्हा त्याने बावीस हजारांचा तोटा लाल अक्षरात दाखवला. कुठल्या ओळीत किती, तेही. ह्यांनी त्या लाल आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हेच घेऊ."

गेल्या महिन्यात एक काम हातचं गेलं. दुसऱ्याने चाळीस हजार कमी सांगितले. पूर्वी हे असे हळहळले असते की विचारू नका! आता शांतपणे म्हणाले, "तेवढ्यात होत नाही ते. मला माहीत आहे." पुढच्याच आठवड्यात एका काकूंनी कोटेशन वाचून विचारलं, "राडारोड्याचे इतके?" ह्यांनी मजले, पोती, टेम्पोच्या फेऱ्या समजावून सांगितल्या. काकू म्हणाल्या, "बरं झालं आधीच सांगितलंत." काम आम्हालाच मिळालं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी असाच छोटा धंदा असेल. सुतारकाम असेल, रंगकाम असेल, नाहीतर केटरिंग. हिशेब तुम्हीच सांभाळत असाल आणि विकायला येणारा माणूस तुमच्या चहाचं कौतुक करत असेल. चहा जरूर द्या. पण त्याचं सॉफ्टवेअर पाहण्याआधी आपल्या एका फसलेल्या कामाचा कागद काढून ठेवा. तो त्यात भरून दाखवायला सांगा.

लेकीची एफडी आम्ही पुन्हा केलीय. अजून पूर्वीएवढी नाही, पण होईल. आणि आमच्या यादीत आता छत्तीस नव्हे, एक्केचाळीस ओळी आहेत. दर कामागणिक एखादी विसरलेली गोष्ट सापडते. ती त्याच दिवशी मी लिहून ठेवते... लग्नपत्रिकेच्या पाठीवर नव्हे!