वेकबोर्डिंगसाठी जुनी स्की बोट घेताय? आधी तळ बघा, मग चमक

ज्यांना इयरफोन लावून पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच.

मी राहतो मिनियापोलिसला. मिनेसोटा म्हणजे तळ्यांचं राज्य, त्यामुळे उन्हाळा आला की आमच्या मराठी ग्रुपवर ट्रेकऐवजी बोटीच्या गप्पा सुरू होतात. यंदा एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: "दादा, नवीन वेकबोट लाख डॉलरच्या पुढे जाते. १९८०-९० च्या काळातली जुनी स्की बोट काही हजारांत मिळतेय. चौघांनी वर्गणी काढून घेतली तर वेकबोर्डिंगला चालेल का?"

उत्तर: चालेल, आणि मजाही येईल. पण ही बोट मुळात दुसऱ्याच कामासाठी बनलेली आहे. ते काम काय होतं हे कळलं की घेताना काय तपासायचं आणि घेतल्यावर काय करायचं नाही, ते आपोआप समजतं.

स्कीवाल्याला लाट नको, आपल्याला हवी

पुण्या-नाशकात बसून ऐकणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. वेकबोर्डिंग म्हणजे दोन्ही पाय एकाच बोर्डवर बांधायचे, हातात बोटीची दोरी धरायची आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उडी मारायची. त्या लाटेला म्हणतात वेक. म्हणून वेकबोर्ड.

वॉटर स्कीइंग याच्यापेक्षा बरंच जुनं. ते सुरू झालं आमच्या मिनेसोटातच. १९२२ साली लेक सिटी गावात, लेक पेपिन तलावावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोराने पायाला लाकडी फळ्या बांधून पहिल्यांदा हे करून दाखवलं. पुढे स्पर्धा आल्या, स्लॅलम आलं. स्लॅलमवाला ताशी ३४-३६ मैलांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना वळसे घालत डावी-उजवीकडे कापत जातो. त्याच्या वाटेत लाट आली तर तो स्पीडब्रेकरवर आदळल्यासारखा आदळतो. म्हणून स्की बोटीचा तळ असा बनवला की मागे लाट जेवढी लहान आणि मऊ उठेल तेवढं चांगलं.

वेकबोर्डचं सगळं नंतरचं. टोनी फिनने कॅलिफोर्नियात 'स्कर्फर' आणला १९८५ साली. हर्ब ओब्रायनने 'हायपरलाइट' बोर्ड काढला १९९० मध्ये. दोरी उंचावर बांधायचे टॉवर आणि पोटात पाण्याच्या टाक्या असलेल्या बोटी आल्या त्या ९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे तुम्ही जी १९८६ ची बोट बघताय, ती बनवणाऱ्याच्या डोक्यात वेकबोर्ड नव्हताच.

दुसरा फरक इंजिनाचा. जुन्या स्की बोटीत इंजिन बरोबर मध्ये, एका पेटीखाली असतं आणि त्याचा दांडा सरळ तळातून बाहेर जातो. याला म्हणतात डायरेक्ट ड्राइव्ह. वेकबोटीत इंजिन मागे सरकवलेलं असतं, त्याला व्ही-ड्राइव्ह म्हणतात. मागे वजन म्हणजे मागे मोठी लाट, शिवाय मध्ये बसायला जागा. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये वजन मध्यावर, लाट लहान आणि बसायला अडचण. एक चांगली गोष्ट अशी की पंखा बोटीच्या तळाखाली असतो, आउटबोर्डसारखा मागे बाहेर लोंबत नाही. तरी पाण्यातला माणूस मागच्या फळीजवळ आला की इंजिन बंद. यात तडजोड नाही.

नावाला भुलू नका

जाहिरातीत एक नाव वारंवार दिसेल: 'स्की नॉटिक २००१'. करेक्ट क्राफ्ट कंपनीची ही बोट. वाटतं की २००१ सालची असेल, पण २००१ हे मॉडेलचं नाव आहे. बोट बनली १९८२ ते १९८९ या काळात. जुन्या स्की बोटींमध्ये हिची लाट वेकबोर्डवाल्यांना विशेष आवडते, म्हणून मागणी टिकून आहे.

बोटीचं खरं साल ओळखायचं तर मागच्या बाजूला उजवीकडे वर कोरलेला १२ अक्षरी हल नंबर बघा. १९८४ नंतरच्या नंबरात शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात. हाच नंबर टायटलच्या कागदावर आहे ना, हे जुळवा. टायटलवर कुणा बँकेचं कर्ज बाकी दिसत असेल, तर ते फिटल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

लाकूड: इथेच बोट मरते

९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच कंपन्या बोटीच्या तळात लाकडी तुळया घालायच्या आणि वरून फायबरग्लास चढवायच्या. या तुळयांना म्हणतात स्ट्रिंगर. इंजिन यांच्यावरच बोल्टने बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं बोल्टच्या भोकातून पाणी मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. वरून काहीच दिसत नाही. घराच्या वाशाला वाळवी लागावी आणि रंग मात्र नवा असावा, तसं.

तपासायचं कसं?

एक, इंजिन तुळईला धरून ठेवणारे बोल्ट पान्याने हलकेच आवळून बघा. लाकूड चांगलं असेल तर पाना अडतो. कुजलेलं असेल तर बोल्ट नुसता फिरत राहतो.

दोन, तुळईवर प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करा. खणखणीत आवाज चांगला. दमट पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला तर सावध व्हा.

तीन, मधल्या खांबाला, म्हणजे पायलॉनला, धरून जोरात हलवा. बुडाशी फरशी हलते का? फरशीवर टाचेने दाब देत चाला. कुठे मऊ लागते का?

चार, शक्य असेल तर बोट ट्रेलरसकट ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. फरशीखालचा फोम पाणी पिऊन बसला असेल तर वजन शेकडो किलोंनी वाढलेलं असू शकतं.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी रूममेटबरोबर एक बोट बघायला गेलो होतो. पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं, सीट नवे, स्पीकर नवे. मालक पहिल्यापासून गाणीच वाजवत होता. मी पुढच्या बोल्टला पाना लावला आणि तो गोल गोल फिरायला लागला. दुसराही तसाच. रूममेटचा चेहरा पडला, कारण त्याने मनातल्या मनात बोटीचं नावसुद्धा ठरवलं होतं. आम्ही मालकाचे आभार मानले आणि निघालो. तुळया बदलायच्या म्हणजे इंजिन काढायचं, फरशी कापायची, सगळं नव्याने घालायचं. हा खर्च बोटीच्या किमतीच्या वर सहज जातो. महिन्याभराने त्याने दुसरी घेतली. रंग उडालेला, सीट फाटके, पण बोल्ट घट्ट. सीट शिवून मिळतात हो!

इंजिन: थंडीने काय केलंय ते बघा

या बोटींत बहुतेक वेळा अमेरिकन गाड्यांचंच व्ही-८ इंजिन बोटीसाठी बदलून बसवलेलं असतं. फोर्डचं ३५१ किंवा जीएमचं ३५०. पार्ट मिळतात आणि मेकॅनिकला ओळखीचं असतं. पण पैसे वाचवायला गाडीचा अल्टरनेटर किंवा स्टार्टर लावला असेल तर ते धोक्याचं आहे. बोटीचे पार्ट ठिणगी बाहेर पडू न देणारे असतात. इंजिनाच्या पेटीत पेट्रोलची वाफ साचलेली असेल तर एक ठिणगी पुरते. म्हणूनच सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा. ब्लोअर चालतो का, हे पहिल्यांदा बघा.

आमच्याकडचा मोठा शत्रू म्हणजे हिवाळा. बहुतेक जुन्या बोटींचं इंजिन तळ्याच्याच पाण्याने थंड होतं. थंडीआधी ते पाणी पूर्ण काढलं नाही तर आत बर्फ होतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. म्हणून ब्लॉकच्या बाजूने हात फिरवा, टॉर्च मारा. तडा, गंजाची रेघ किंवा एपॉक्सीचा लेप दिसतो का? ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. आठही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच खाली असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि पाण्यात चालवल्याशिवाय बोट घ्यायची नाही. अंगणात नळी लावून सुरू केलेलं इंजिन फारसं काही सांगत नाही. इंजिन आधीच तापवून ठेवलेलं नाही ना, हे हात लावून बघा. मग अर्धा तास पाण्यात चालवा, पूर्ण वेग द्या, तापमानाचा काटा बघा, परत आल्यावर तळात किती पाणी साचलं ते बघा. ऑक्टोबरमध्ये विकणारे घाईत असतात, भाव उतरतो, हे खरं. पण तळं गोठल्यावर टेस्ट करता येत नाही, त्यामुळे "आता घ्या, वसंतात चालवून बघा" याला हो म्हणू नका.

वजन: आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा

बोट घेतली. आता लाट मोठी करायची. सोपा उपाय म्हणजे बोटीत पाण्याच्या मोठ्या पिशव्या भरायच्या. यांना फॅट सॅक म्हणतात. बोट पाण्यात खोल बसते, लाट वाढते. वेगही कमी लागतो, ताशी २०-२३ मैल.

इथे गणित करायला हवं, आणि हे कुणी करत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दुकानात ७५० पौंडाची पिशवी मिळते, ती भरल्यावर ३४० किलो. आता स्टिअरिंगजवळची पाटी वाचा. २० फुटांखालच्या अशा बोटींवर किती वजन चालेल ते लिहिणं अमेरिकेत बंधनकारक आहे. समजा पाटीवर माणसं आणि सामान मिळून १२०० पौंड लिहिलंय, म्हणजे साधारण ५४५ किलो. पाच जण सत्तर किलोचे धरले तर ३५० झाले. बोर्ड, आइसबॉक्स, बॅगा ४० किलो. उरले १५५. आणि लोक टाकतात ३४० च्या दोन पिशव्या! एकूण १०७० किलो, म्हणजे पाटीच्या जवळजवळ दुप्पट.

स्की बोटीच्या कडा पाण्यापासून फार उंच नसतात आणि पुढचं तोंड खाली असतं. खेळणारा पडतो, ड्रायव्हर जोरात वळतो, मग एकदम वेग कमी करतो. पुढचं तोंड खाली जातं आणि स्वतःचीच लाट पुढून आत येते. ते पाणीही पुन्हा वजनच. जड बोट एकदा पाणी घ्यायला लागली की पंप पुरत नाही.

म्हणून आमच्या ग्रुपचे नियम सांगतो. माणसं जास्त तर पाणी कमी. पाटीच्या वर जायचं नाही. पुढे पिशवी ठेवायची नाही. कुणी पडलं की आधी सरळ रेषेत वेग कमी करायचा, मग सावकाश वळून त्याच्याकडे जायचं. लाट थोडी लहान मिळते, मान्य. शिकणाऱ्याला ती भरपूर होते.

टॉवरचंही असंच. उंच दोरीने उडी चांगली लागते, पण जुन्या बोटीच्या कडेचं फायबरग्लास त्या ताणासाठी बनलेलं नाही. आधीच्या मालकाने टॉवर लावला असेल तर आतून हात घालून बघा, बोल्टखाली जाड पट्टी आहे की नुसते वॉशर. भोवती बारीक तडे असतील तर टॉवर बोटीला फाडतोय.

एका श्रोत्याचा प्रश्न: मागच्या फळीवर बसून गेलं तर?

नाही. बोट चालू असताना अजिबात नाही. धूर तिथूनच बाहेर पडतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. उघड्या हवेतही माणूस शुद्ध हरपून पाण्यात पडतो. फळीला धरून पोहत ओढून घेणंही तितकंच घातक. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येत असलं तरी.

तळ्यातून निघताना

मिनेसोटात बोट रस्त्यावर न्यायच्या आधी तळाचं बूच काढून पाणी सोडणं कायद्याने लागतं. पिशव्यांतलं पाणीही. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना न दिसता त्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. आणि दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात सोडताना ते बूच परत लावा! रॅम्पवर याच्यावरून सगळ्यात जास्त हसं होतं.

तर मंडळी, बघायला जाताना खिशात पाना, टॉर्च आणि छोटी हातोडी ठेवा. तुमच्या मनात एखादी बोट असेल तर मेसेजमध्ये बोल्ट आणि तुळयांचे फोटो पाठवा. सीटचे नकोत. पुढच्या भागात ट्रेलरबद्दल बोलू: टायर, बेअरिंग आणि ब्रेक. तोपर्यंत जॅकेट घाला, मजा करा!